वेगळा वाडगा

कुमासी, ६ फेब्रुवारी

बिरागो,

तुझं पत्र बसवाल्याने काल दिलं. खाणावळीत गर्दी होती, तरी उभ्याउभ्या वाचलं. हसत होते, शेवटच्या चार ओळींवर हसू थांबलं. म्हणून आज लिहायला बसलेय. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, नाकं मुरडू नकोस. फोन करणार नाही. फोनवर तू रडतेस आणि तुझी सासू दाराआड उभी असते.

आधी त्या लाम्प्टेबाईचं. वजन उतरवायचा वर्ग घेते, आणि वर्गात काय, तर सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी हलकी आहे, मी हलकी आहे. कुणाला सांगतेस ते? आरशाला? त्याला डोळे आहेत बाई, त्याला दिसतं. आणि म्हणे प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. फुफू चावतात? एवढा कुटून कुटून मऊ केलेला कसाव्याचा गोळा! अगं, दात न आलेलं पोर फुफू गिळतं आणि तू एकेचाळीस वर्षांची बाई टेमा शहरात बसून गोळा चघळतेस? माझ्या खाणावळीत एक गोरा यायचा, तो चावायचा. बाया कामं टाकून त्याला बघायला यायच्या.

हे झालं हसण्याचं. आता शेवटच्या चार ओळी. साखर वाढलीय, डाव्या पायाच्या करंगळीला नखाएवढी जखम आहे, दोन महिने झाले भरत नाही, आणि डॉक्टर म्हणाले ईस्टरपर्यंत दहा किलो उतरवा, नाहीतर पायाचं काही सांगता येत नाही. हे तू पत्राच्या शेवटी लिहितेस, आरशाच्या नंतर! तुझ्या डोक्यात भुसा भरलाय की त्या बाईने भरला?

तीन दिवस तोंडात जे जे जाईल ते लिही आणि पाठव. खोटं लिहू नकोस. वीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघत पोट भरते मी.

कोनादू


टेमा, १३ फेब्रुवारी

ताई,

लाम्प्टेबाई शिकलेली आहे. तिने स्वतः तीस किलो उतरवलेत, आधीचा आणि नंतरचा फोटो तिच्या भिंतीवर लावलाय. ती म्हणते वजन पोटात नसतं, मनात असतं. तुला नाही कळायचं. तुझ्या खाणावळीला पाटी नाही, लोक तुझ्या कुल्ल्यांवरून ओळखतात की फुफू इथे मिळतं.

तरी तू सांगितलंस म्हणून लिहिते. सकाळी मक्याची पातळ पेज, बिनसाखरेची. सोबत लाम्प्टेबाईचा चहा, त्याने पोट साफ राहतं. दुपारी काही नाही. काहीच नाही! संध्याकाळी फुफू, सगळ्यांबरोबर. तिन्ही दिवस हेच. आणि वजन एक किलो वाढलं. आता सांग, ह्यात चूक कुठे?

बाकी किरकोळ आहे, ते वर्गात मोजत नाहीत. रस्सा चाखावा लागतो, चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार? शेंगदाण्याचा रस्सा तर तीनदा चाखावा लागतो, खाली लागतो. धाकट्याने शाळेतून आणलेली मक्याच्या आंबट पिठाची अर्धी केंकी, टाकून कशी देऊ? बस थांब्यावर तळलेली केळी घेते, पण ती उभ्याने खाते. रविवारी चर्चमध्ये ब्रेड. आणि काळ्या माल्टची बाटली, ती तर ताकदीसाठी, सासूबाईच देतात.

संध्याकाळचं मात्र मोजता येत नाही ते खरं. तुला माहीतच आहे, आम्ही बायका एकाच वाडग्यात जेवतो. मी, सासूबाई, नणंद आणि तिची मुलगी. कोण किती तोडतं कुणी बघत नाही. पण हात आधी कोण काढतं ते सगळे बघतात. मी एकदा लवकर हात काढला तर सासूबाई म्हणाल्या, "का, आज माझा रस्सा गळ्याखाली जात नाही?" तेव्हापासून तळ दिसेपर्यंत बसते.

पायाचं घरात कुणाला सांगितलं नाही. अदोमाको नवरा असून त्यालाही नाही. मोजे घालते. त्याच्या भावाची पहिली बायको आठवते? तिची जखम भरत नव्हती तर महिनाभर हाच विचार की हिने काय पाप केलं, हिच्यावर करणी कुणी केली. मग तिला माहेरी पाठवली. मला माहेर कुठलं? तूच. आणि तुझ्याकडे झोपायला एक बाक आहे.

बिरागो


कुमासी, १७ फेब्रुवारी

बिरागो,

तुझी ती "किरकोळ" यादी मी भांडी घासणाऱ्या बायांना वाचून दाखवली. एक म्हणाली, एवढं किरकोळ मला रोज मिळालं तर मी जेवणच सोडीन.

दुपारी काहीच नाही म्हणे! अगं, तुझ्या चाखण्यावर माझा एक टॅक्सीवाला गिऱ्हाईक दिवसभर गाडी हाकेल. तीन पळ्या शेंगदाण्याचा रस्सा म्हणजे चाखणं नाही, जेवण आहे, फक्त ताट नाही. उभ्याने खाल्लेली केळी पायात जातात असं त्या शिकलेल्या बाईने सांगितलं का? आणि माल्ट! साखरेची बाटली आहे ती, बाटलीवर बलदंड पुरुषाचं चित्र आहे म्हणून औषध होत नाही. दिवसभर उपाशी असल्याचा आव आणतेस, आणि संध्याकाळी वाडगा दिसला की तुटून पडतेस. त्यात सासू बघते म्हणून आणखी. मन मन करणारीने हे एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

आता मी सांगते ते कर. मला कुणी फोटो लावून भिंतीवर चढवलेलं नाही, पण रोज दीडशे माणसांना वाढते.

चहा गटारात ओत. डॉक्टरच्या गोळ्या एकही चुकवायची नाही. सकाळी भूक असेल तर नीट जेव, अंडं, मासा, घेवडे. चाखायचं तर चमच्याच्या टोकाने, आणि मीठ कमी पडलं तर पडू दे, मीठ कमी पडलं म्हणून कुणी मरत नाही. केळी, माल्ट, ब्रेड बंद. पोराची केंकी पोराला दुसऱ्या दिवशी खायला घाल, तू उकिरडा नाहीस. उगाच चालत सुटू नकोस, पाय जखमी आहे.

आणि संध्याकाळी वाडगा वेगळा घे. स्वतःचा. त्यात मुठीएवढा गोळा, पालेभाजी भरपूर, मासा. संपला की हात धू आणि ऊठ. आजपासून. कुणाला विचारत बसू नकोस. माझ्याकडे प्रत्येकाला वेगळा वाडगा असतो, म्हणून मला माहीत असतं कोण किती खातो. तुला ते माहीत नाही, हेच तुझं दुखणं.

आणि नवऱ्याला पाय दाखव.

कोनादू


टेमा, ९ मार्च

ताई,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून चिडू नकोस. लिहायला तोंड नव्हतं.

तू सांगितलंस तसं केलं. पायाचं सोडून सगळं. पहिल्या आठवड्यात पोटात आग पडायची, रात्री केळ्यांचा वास यायचा. मग सवय झाली. दवाखान्याच्या काट्यावर चार किलो कमी आले. नर्स म्हणाली, असंच चालू द्या. मला वाटलं तुला लिहावं, ताई, तू जिंकलीस.

आणि संध्याकाळी मी माझा वाडगा घेऊन बाजूला बसत होते. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नणंदेने विचारलं, भांडण झालंय का. तिसऱ्या दिवशी सासूबाई जेवल्याच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर उभं राहून दोन्ही हात उलटेसुलटे केले आणि म्हणाल्या, "बघ. नीट बघ. काय लावलंय ह्या हातांना?"

मी म्हटलं, "काही नाही, माआमे."

"मग माझ्या वाडग्यात तुझा हात का येत नाही? चाळीस वर्षं ह्या चुलीवर रांधतेय मी. माझ्या हातचं खाऊन कोण मेलं? नाव घे."

ताई, तू विसरलीस. मीही विसरले, तुझं ऐकता ऐकता. घरात वेगळा वाडगा कोण घेतो? ज्याला शिजवणाऱ्याचा संशय असतो तो. मी काही न बोलता तीन आठवडे त्यांना चेटकीण म्हटलं, सगळ्या वाड्यासमोर. शेजारणी आता त्यांच्याकडून तिखट उसनं नेत नाहीत. नणंदेच्या मुलीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझी आजी रात्री उडते. ती म्हातारी बाई दाराशी बसून असते, आणि तिच्याकडे कुणी येत नाही.

अदोमाको आईच्या खोलीत झोपतो. माझ्याशी बोलत नाही.

लाम्प्टेबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, नकारात्मक माणसांना आयुष्यातून बाहेर काढा. सासूला कुठे काढू, तिच्याच घरातून?

येत्या रविवारी अदोमाकोच्या मामांनी बैठक बोलावलीय. मधोमध एक वाडगा ठेवणार. मी सासूबाईंच्या हातचं सगळ्यांदेखत तळ लागेपर्यंत खायचं. खाल्लं तर बोल मिटला. नाही खाल्लं तर लग्नात माझ्यासाठी दिलेली दारू परत करायला सांगतील, म्हणजे मला पाठवतील.

मी खाणार आहे. एकच संध्याकाळ तर आहे. आणि तू आता सल्ले देऊ नकोस. तुझ्या एका वाडग्याने एवढं केलं.

बिरागो


कुमासी, १२ मार्च

बिरागो,

हे पत्र देताना बसवाल्याला म्हटलंय, वाटेत कुठे थांबलास तर तुझा वाडगा बंद.

मी गाढव आहे. एवढं एकदाच लिहिते, पुन्हा वाचायला मिळणार नाही. वीस वर्षं गिऱ्हाइकांना वेगवेगळे वाडगे वाढले आणि घरात बसून जेवणं काय असतं तेच विसरले. गिऱ्हाईक माझ्यावर संशय घेतो म्हणून वेगळं खात नाही, त्याचं माझं काही नातं नाही म्हणून खातो. तुझं त्या म्हातारीशी आहे. मला आठवायला हवं होतं.

पण तू माझ्याहून मोठी गाढव. मी तुला दोन गोष्टी सांगितल्या, वाडगा घे आणि पाय दाखव. तू सोपी ती केलीस. पाय दाखवला असतास तर वाडग्याला कारण मिळालं असतं. कारण लपवलंस, मग लोकांनी स्वतःचं कारण शोधलं. एका म्हातारीला चेटकीण ठरवणं तुला मोजा काढण्यापेक्षा सोपं वाटलं, हे लक्षात ठेव.

आणि एकच संध्याकाळ कुठली? सोमवारी तोच वाडगा, तीच माणसं. रविवारी तळ लागेपर्यंत खाल्लंस तर सोमवारी हात आधी काढायचं धाडस कुठून आणशील? मरेपर्यंत त्यांच्या समाधानासाठी खात बसशील, आणि फार वर्षं बसावं लागणार नाही.

रविवारी वाडग्याजवळ बस. उजवा हात धू. मग मोजा काढ आणि पाय पुढे कर. जेवणाजवळ पाय नेणं असभ्य आहे, माहीत आहे मला. असभ्य होऊ दे. तोंडाने सांगत बसू नकोस, तू रडशील आणि रडणाऱ्या सुनेचं कुणी ऐकत नाही. नुसता दाखव.

त्यांनी पाठवलं तर ये. बाक आहे तर बाकावर झोपू, एक डोकं इकडे, एक तिकडे. पण दोन पाय घेऊन ये.

मी येणार नाही. आले तर म्हणतील बहिणीने शिकवून पाठवलीय. खरंच आहे म्हणा, पण त्यांना कशाला कळायला हवं.

कोनादू


टेमा, ३ एप्रिल

ताई,

दवाखान्यातून लिहितेय. घाबरू नकोस, सगळं क्रमाने सांगते.

त्या रविवारी अंगणात सगळे बसले. मामा मधल्या खुर्चीवर, अदोमाको त्यांच्या बाजूला खाली मान घालून. सासूबाईंनी मुद्दाम पामफळांचा रस्सा केला होता, बकऱ्याचं मटण घालून, माझा आवडता. वाडग्यात तो गोळा एवढा, की दोघांनी उचलून आणला. मामा म्हणाले, "सुनबाई, ही तुझी आई आहे की नाही, हे तुझा हात सांगेल. बस."

बसले. हात धुतला. वास नाकात गेला आणि ताई, खरं सांगते, मी मोजा विसरले. हात वाडग्याकडे गेलाच होता. मग पाय ठणकला. मी मोजा काढला आणि पाय पुढे केला.

करंगळी काळी पडली होती. वास सगळ्यांना आला. नणंद अंगावरचं कापड तोंडाला लावून उठली. मामा म्हणाले, "हे काय चाललंय? जेवणापुढे पाय?"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. वाकून बघितलं त्यांनी. "किती दिवस?"

"डिसेंबरपासून."

"डिसेंबर! आणि तू माझ्या घरात मोजे घालून फिरतेस! मला वाटलं शहरी झालीस, आता सासूसमोर पाय उघडे टाकायची लाज वाटते." मग त्यांचा आवाज चढला. "अगं मूर्ख बाई, एवढंसं तोंड उघडलं असतंस तर! मी चार आठवडे रात्री जागून आठवत बसलेय, मी खरंच कुणाचं काही वाईट केलं का. खरंच, मला माझाच संशय यायला लागला होता!"

मी म्हटलं, "पाठवून द्याल म्हणून भ्याले, माआमे."

"पाठवणार होतेच. पाय असतील तर चालत जाशील ना!"

मामा तरी ऐकेनात. म्हणाले, दुखणं दुखण्याच्या जागी, पण बैठक बोलावलीय तर बोल मिटायला हवा, लोक भिंतीपलीकडून बघतायत. तेव्हा सासूबाईंनी एक घास तोडला, रश्श्यात बुडवला आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. जोरात, म्हणजे दातच मोडेल असा. मी गिळला. त्या म्हणाल्या, "खाल्लं तिने. सगळ्यांनी बघितलं. मिटलं. आता उरलेलं तुम्ही पुरुष खा, तुम्हाला काही होत नाही." आणि अदोमाकोला ओरडल्या, "तू काय बघतोस? गाडी बघ!"

सोमवारी इथे आले. करंगळी काढली. फक्त करंगळी. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे मोजा घातला असतास तर पाय गेला असता. वजन सात किलो उतरलंय, साखरही उतरतेय. लाम्प्टेबाई फोटो काढायला आली होती, "नंतरचा" म्हणून. सासूबाईंनी तिला विचारलं, करंगळी पण घेणार का फोटोत. ती गेली.

सासूबाई रोज डबा आणतात. फुफूचा गोळा एवढासा, कोंबडीच्या अंड्याएवढा, आणि शिव्या त्याच्या दुप्पट. शेजारणीही आता येतात त्यांच्याबरोबर, पाय बघायला.

ताई, इथे पडून पडून एक विचार आला, तो लिहिते. रागावलीस तर राग. तळ दिसेपर्यंत बसायचं मला सासूबाईंनी नाही शिकवलं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू सतरा. तू रोज माझ्यासमोर बसायचीस, पाठीला बाकाची फळी असल्यासारखी ताठ, आणि वाडग्याचा तळ दिसेपर्यंत उठू द्यायची नाहीस. मला भूक नसायची. आई मेली होती, कुठली भूक? मी तुझ्या डोळ्यांसाठी खायचे. अजूनही एकटी जेवायला बसले तरी समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं. सासूबाई नाही. तू.

बिरागो


कुमासी, ८ एप्रिल

बिरागो,

रागावले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही, बायांना वाटलं आजारी आहे.

तुला माहीत नाही ते सांगते. सांगायचं नव्हतं. आई गेल्यावर बाबांची बहीण दर रविवारी यायची, आठवते? तू तिला खाऊवाली आत्या म्हणायचीस. ती खाऊ द्यायला येत नव्हती. ती तुझा दंड चिमटीत धरून बघायला यायची. "पोरगी वाळली," म्हणायची, "कोनादूच्याने पोसवत नाही, मी नेते." तिच्याकडे आधीच दोन पोरी होत्या, कुणाकुणाच्या. पहाटे चारला उठवायची आणि दिवसभर डोक्यावर पाण्याच्या पिशव्या देऊन विकायला पाठवायची. त्यातली एक परत आलीच नाही.

म्हणून मी तुला भरवत होते. तुझ्या भुकेसाठी नाही, त्या बाईच्या चिमटीसाठी. ती दर रविवारी दंड दाबायची आणि मी तिच्या बोटांकडे बघत उभी असायचे. तू गुबगुबीत झालीस तेव्हा ती यायची थांबली. तेव्हा मी पण थांबायला हवं होतं. पण तोवर मला दुसरं काही येतच नव्हतं. तुझ्यावर माया करायची म्हणजे समोर बसून तळ बघायचा, एवढंच शिकले होते. पुढे त्यालाच धंदा केला.

माफी मागत नाही. मागितली तर तू रडशील, आणि टाक्यांवर ताण येईल.

पाय बरा झाला की ये. सासूला विचारून ये, आणि तिलाही आण. आम्ही दोघी एकमेकींना दोन शब्द बोलून घेऊ. वाटेल तितकं खा, वाटेल तेव्हा हात काढ. मी समोर बसणार नाही, चुलीकडे तोंड करीन. उरलेलं मी उचलीन आणि काही विचारणार नाही. तोंडून निघालंच तर सरळ उठून जा.

सराव करतेय. काल एका गिऱ्हाइकाने अर्धा वाडगा तसाच ठेवला. मी तोंड उघडलं होतं, का रे, काय झालं, म्हणून. मिटलं. त्याने हात धुतले, पैसे ठेवले, म्हणाला, "पोट भरलं, माआमे." आणि गेला.

बराच वेळ त्या वाडग्याकडे बघत बसले. मग उचलला.

कोनादू